पाण्याचा भाव उघड करा

प्रति,
जलविद्युत केंद्रांचं नियोजन करणारे अभियंते, भारप्रेषण केंद्रांमधले अधिकारी आणि त्यांच्या आराखड्यांना मंजुरी देणारी नियामक मंडळं यांस,

सादर नमस्कार.

या आठवड्यात टर्बाइनमधून किती पाणी सोडायचं, हा प्रश्न दर आठवड्याला आपल्या टेबलावर येतो. पाणी धरून ठेवलं आणि वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला, तर तेच पाणी सांडव्यावरून निघून जातं आणि ‘फुकटची वीज वाया घालवली’ असं आपल्याला ऐकून घ्यावं लागतं. सोडलं आणि पुढचे महिने कोरडे गेले, तर महागडं इंधन जाळायचं, नाहीतर भारनियमन करायचं. धरलं तर सांडतं, सोडलं तर आटतं. मी बरीच वर्षं याच प्रश्नाची गणितं मांडत आलो आहे. त्यामुळे आपल्या खुर्चीवर बसणं किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे, आणि हे पत्र दोष काढायला लिहिलेलं नाही.

माझी मागणी एकच आहे. जलाशयातल्या पाण्याचा जो भाव आपल्या संगणकात दर आठवड्याला निघतो, तो जाहीर करा. आणि तो ज्या गृहीतकांवर उभा आहे, ती गृहीतकंही त्याच्यासोबत जाहीर करा.

भाव म्हणजे काय, ते आधी सांगतो. नियोजनाच्या बाहेरच्या माणसाला जलविद्युत फुकट वाटते, कारण पावसाचं बिल कुणी पाठवत नाही. हिशेब मात्र वेगळा आहे. एक घनमीटर पाणी १०० मीटर खाली आणलं, तर त्यातून तत्त्वतः ०.२७ युनिट वीज निघते. ती वीज आज काढली, की उद्या काढता येत नाही. उद्या तिच्या जागी जे इंधन जाळावं लागेल, किंवा जो तुटवडा सोसावा लागेल, तोच आजच्या पाण्याचा भाव. उद्या काय होणार हे माहीत नसल्यामुळे हा भाव सगळ्या शक्यता तोलूनच काढावा लागतो. स्वीडनमध्ये स्टागे आणि लार्सन यांनी १९६१ मध्ये हा विचार नीट मांडला, आणि उत्तर युरोपातले नियोजक तेव्हापासून ‘पाण्याचं मूल्य’ हा शब्द रोजच्या कामात वापरतात. त्याच्याही आधी, १९४० च्या दशकात, फ्रान्सच्या पियेर मासे यांना हे उमगलं होतं की जलाशयाचा निर्णय म्हणजे आजचा निश्चित फायदा आणि उद्याचा अनिश्चित फायदा यांची तुलना. म्हणजे मी काही नवीन सांगत नाही.

तरीही अनेक ठिकाणी आराखडा आजही सरासरी येव्यावर, म्हणजे जलाशयात सरासरीनं येणाऱ्या पाण्यावर, बसवला जातो. सरासरीनं काय होतं, हे मी शब्दांत पटवून देण्याचा प्रयत्न पुष्कळदा केला आणि तो दर वेळी फसला. म्हणून इथे आकडेच मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन पडताळून पाहा, दहा मिनिटांचं काम आहे.

एक जलाशय धरा. त्यात आज १०० युनिट वीज होईल इतकं पाणी आहे. या महिन्याची मागणी १००, पुढच्या महिन्याचीही १००. जोडीला औष्णिक केंद्रं आहेत: पहिली २५ युनिटं दर युनिटला २ खर्चानं मिळतात, पुढची २५ युनिटं ४ नं, त्यापुढची २० युनिटं १० नं. त्यापलीकडे वीजच नाही, म्हणजे भारनियमन, आणि त्याचं नुकसान दर युनिटला ५० धरू. चलन कोणतंही समजा. या महिन्यात पाऊस नाही. पुढच्या महिन्यात एकतर १०० युनिटांचा येवा येईल, नाहीतर शून्य, दोन्हींची शक्यता सारखी. दोन महिन्यांनंतरचा विचार तूर्त बाजूला ठेवू.

सरासरीवर चालणारा नियोजक म्हणेल, येवा ५० येणार. मग दोन महिने मिळून ५० युनिटं औष्णिक लागतील, ती निम्मी-निम्मी वाटली की सगळ्यांत स्वस्त पडतात. म्हणून आज ७५ युनिटांचं पाणी वापरू आणि २५ राखू. कागदावर एकूण खर्च १०० येतो. आराखडा देखणा दिसतो.

आता खरा महिना येऊ द्या. ५० चा येवा कधीच येत नाही, ती शक्यता मुळात यादीतच नव्हती. पाऊस झाला तर एकूण खर्च आजचे ५० एवढाच. पाऊस झाला नाही, तर २५ युनिटांच्या पाण्यावर १०० ची मागणी भागवायची. सगळी औष्णिक केंद्रं पूर्ण चालवूनही ५ युनिटं कमी पडतात आणि त्या एका महिन्याचा खर्च ६०० वर जातो. आजचे ५० धरून ६५०. दोन्ही शक्यतांची सरासरी ३५०. ज्या आराखड्यानं १०० चं आश्वासन दिलं होतं, त्याचा खरा अपेक्षित खर्च ३५० आहे.

दोन्ही शक्यता डोळ्यांसमोर ठेवून तेच गणित सोडवलं, तर उत्तर येतं ५० राखा. आज औष्णिक केंद्रांवर १५० खर्च होतील. पाऊस आला तर पुढे काही नाही, नाही आला तर आणखी १५०. सरासरी २२५, आणि भारनियमन कोणत्याही परिस्थितीत नाही. ३५० आणि २२५ यांत जो १२५ चा फरक आहे, तो निव्वळ ‘एकच आकडा गृहीत धरला’ याचा दंड.

याच जागी पाण्याचा भावही दिसतो. फक्त २५ राखले असताना आणखी एक युनिट राखलं असतं, तर कोरड्या महिन्यात ५० चं नुकसान वाचलं असतं. कोरड्याची शक्यता निम्मी, म्हणून त्या युनिटचा भाव २५. सरासरीवाल्या आराखड्यानं २५ भावाचं पाणी टर्बाइनमधून सोडलं, ते ४ खर्चाचं केंद्र बंद ठेवण्यासाठी. हा व्यवहार कुणी शुद्धीवर असताना करणार नाही. भाव समोर लिहिलेला नव्हता, म्हणून तो झाला.

खऱ्या व्यवस्थेत एक जलाशय आणि दोन महिने नसतात. एका नदीवर एकाखाली एक धरणं असतात, वरच्या धरणाचा विसर्ग काही तासांनी किंवा दिवसांनी खालच्याचा येवा होतो, पातळी घसरली की शीर्ष (पाणी जितक्या उंचीवरून टर्बाइनवर येतं ती उंची) कमी होऊन तेच पाणी कमी वीज देतं. एका जलाशयाच्या साठ्याचे २० टप्पे केले तर २० अवस्था तपासाव्या लागतात. दोन जलाशयांच्या ४००. दहा जलाशयांच्या दहा लाख कोटींहून जास्त. डायनॅमिक प्रोग्रॅमिंगची, म्हणजे लांबचा निर्णय टप्प्याटप्प्यानं सोडवण्याची, पद्धत घडवणाऱ्या रिचर्ड बेलमन यांनीच या वाढीला ‘मितींचा शाप’ म्हटलं. पुष्कळ वर्षं नियोजकांनी यावर एकच तोड काढली: साऱ्या प्रदेशाची धरणं मिळून एक काल्पनिक मोठं धरण मानायचं. उत्तर मिळायचं, पण कोणतं धरण कधी रिकामं करायचं हे त्यातून कळायचं नाही.

यातून खरी वाट ब्राझीलमध्ये निघाली. मारियो परेरा आणि लिओंटिना पिंटो यांनी १९९१ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, ती आज एसडीडीपी (स्टोकॅस्टिक ड्युअल डायनॅमिक प्रोग्रॅमिंग) या नावानं ओळखली जाते. तिचं मूळ डच गणितज्ञ जॅक बेंडर्स यांच्या १९६२ च्या कल्पनेत आहे. हे शोधनिबंध वाचायला जड आहेत, पण गाभा वरच्या लहानशा जलाशयावरही दिसतो. मला ती पद्धत पहिल्यांदा समजली, तीही अशाच एका कागदावर.

सगळ्या अवस्था तपासायच्या नाहीत. एका अवस्थेला जायचं आणि तिथे फक्त दोन गोष्टी विचारायच्या: इथून पुढचा अपेक्षित खर्च किती, आणि एक युनिट पाणी जास्त असतं तर तो कितीनं उतरला असता? २५ राखून पाहिलं. पुढचा खर्च ३००, उतार २५. या दोन आकड्यांतून एक सरळ रेषा मिळते. पाणी जसजसं वाढतं तसतसा प्रत्येक जास्तीच्या युनिटचा उपयोग कमी होत जातो, त्यामुळे खर्चाचा वक्र खालून फुगलेला असतो आणि ही रेषा त्याच्या वर कधीच जात नाही. आता ही एकच रेषा भविष्य समजून आजचा निर्णय पुन्हा घ्या. रेषा म्हणते, ३७ राखले की पुढचा खर्च शून्य. गणित ३७ वर जातं. तिथे जाऊन खरं तपासलं तर पुढचा खर्च शून्य नाही, १४० आहे, आणि उतार ५. दुसरी रेषा मिळाली. दोन्ही रेषा समोर ठेवून तिसऱ्यांदा सोडवलं, की उत्तर थेट ५० वर येतं आणि खर्च २२५. तीन फेऱ्यांत काम झालं. मधल्या कोणत्याही अवस्थेला हात लावावा लागला नाही.

शेकडो जलाशय आणि अनेक वर्षांच्या नियोजनातही हेच चालतं. येव्याचे काही नमुने घेऊन काळात पुढे जायचं, मग मागे येताना प्रत्येक टप्प्यावर रेषा जोडायच्या. फेऱ्या तीनऐवजी शेकडो, हजारो लागतात. आणि प्रत्येक रेषेचा उतार हाच त्या जलाशयातल्या, त्या महिन्यातल्या, त्या साठ्याच्या पाण्याचा भाव असतो. तो काढायला वेगळं काही करावं लागत नाही. पद्धत त्याच्याशिवाय चालूच शकत नाही. ज्या कार्यालयात असं मॉडेल चालतं, तिथे भाव आधीच फाइलमध्ये पडलेला आहे.

मग तो जाहीर करा, असा हट्ट का? कारण त्या भावाच्या आत असे काही निर्णय दडलेले असतात, जे गणिताचे नाहीत.

पुन्हा आपल्या जलाशयाकडे येऊ. कोरड्या महिन्याची शक्यता ५० टक्क्यांऐवजी ३० टक्के लिहा. बाकी काही बदलू नका. इष्टतम, म्हणजे सर्वांत कमी अपेक्षित खर्चाचं, उत्तर ५० वरून ३० वर येतं. आता भारनियमनाचं नुकसान ५० ऐवजी १३ लिहा. उत्तर आणखी खाली, २५ वर जातं, म्हणजे कोरडा महिना आला तर ५ युनिटांची वीज तोडायची असं आपण आजच ठरवून टाकलं. उलट नुकसान ५०च ठेवा, पण सरासरीसोबत सगळ्यांत वाईट शक्यतेला २० टक्के जादा वजन द्या. उत्तर परत ५० वर. तीन आकडे, तीन वेगवेगळी भवितव्यं, आणि प्रत्येक वेळी संगणक सांगणार की हे उत्तर इष्टतम आहे. तो खोटं बोलत नाही. त्याला जे विचारलं, त्याचं उत्तर त्यानं दिलं.

भारनियमनाचं नुकसान किती धरायचं, हा आकडा तर अंधारात बसलेल्या माणसाच्या गैरसोयीची किंमत आहे. शस्त्रक्रियेच्या मधोमध गेलेली वीज आणि एखाद्या गोदामातली गेलेली वीज यांना एकच किंमत लावायची का? तुटवडा ५ टक्के असताना आणि २० टक्के असताना दर तोच ठेवायचा का? हे ठरवण्याचा अधिकार इनपुट फाइल भरणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याला कुणी दिलेला नाही, पण प्रत्यक्षात पुष्कळदा तोच ठरवतो, मागच्या वर्षीचा आकडा तसाच पुढे चालवून. नियामक मंडळांनी या आकड्यावर लोकांसमोर सुनावणी घ्यावी इतका तो मोठा आहे.

शेवटच्या टप्प्याचंही तसंच. वरच्या उदाहरणात मी ‘दोन महिन्यांनंतरचा विचार बाजूला ठेवू’ असं सहज म्हटलं. उमेदवारीच्या काळात मी स्वतः बांधलेल्या पहिल्या मोठ्या मॉडेलमध्येही तेच केलं होतं. वर्षभराचा आलेख छापून घेतला. साठा पावसाळ्यात चढत होता, मग उतरत होता, आणि शेवटच्या आठवड्यांत सगळे जलाशय एका रेषेत मृतसाठ्यापर्यंत कोसळले होते. मॉडेलच्या दृष्टीनं वर्ष संपलं की जग संपत होतं, त्यामुळे उरलेल्या पाण्याला भाव शून्य. तो आलेख मी दोन दिवस बरोबर समजत होतो, आणि माझ्या हातातून तो पुढे गेलाही असता. शेवटी किती पाणी शिल्लक राहावं, किंवा त्याला काय भाव लावावा, ही ओळ प्रत्येक मॉडेलमध्ये कुणीतरी हातानं लिहिलेली असते. ती पुढच्या वर्षाच्या लोकांच्या वाट्याचं पाणी ठरवते. ती ओळ वाचायला मिळावी, इतकंच म्हणणं आहे.

येव्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यांत जास्त घात इथे होतो.

नदी नाण्यासारखी वागत नाही. कोरड्या महिन्यानंतर कोरडा महिना येण्याची शक्यता जास्त असते, कारण जमिनीतली ओल, भूजल, डोंगरावरचा बर्फ यांना स्मरण असतं. म्हणून चांगली मॉडेलं मागच्या काही महिन्यांच्या येव्यावरून पुढचा येवा उभा करतात, तोही प्रत्येक ऋतूचा वेगळा. पण वर्षांच्या पातळीवरचं स्मरण पकडणं त्याहून अवघड. जलशास्त्रज्ञ हॅरल्ड हर्स्ट यांनी आयुष्याची कित्येक वर्षं नाईलच्या नोंदी तपासण्यात घालवली, आणि १९५१ मध्ये दाखवून दिलं की कोरडी वर्षं आणि ओली वर्षं आपण समजतो त्यापेक्षा फार लांब रांगा लावून येतात. स्वतंत्र नाणेफेक मानून बांधलेलं धरण अशा रांगेपुढे लहान पडतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या करारानं झाली, तेव्हा हाती असलेली मोजमापं नेमक्या ओल्या काळातली होती. नदीत जितकं पाणी नव्हतं तितकं कागदावर वाटलं गेलं, आणि त्या चुकीशी तिथले लोक आजही झगडत आहेत. जुलै २०२२ मध्ये त्याच नदीवरच्या हूव्हर धरणामागच्या जलाशयाची पातळी १,०४० फुटांच्या आसपास उतरली होती. जलाशय पहिल्यांदा भरल्यापासून ती इतकी खाली कधी गेली नव्हती.

ब्राझीलच्या येव्याच्या नोंदी १९३१ पासूनच्या आहेत, म्हणजे पुष्कळ लांब. तरीही २०२१ मध्ये तिथल्या मुख्य खोऱ्यांनी त्या साऱ्या नोंदींच्या तळाशी जाणारे महिने पाहिले. २००८ मध्ये जलशास्त्रज्ञांच्या एका गटानं ‘सायन्स’ या नियतकालिकात स्पष्ट लिहिलं की नदीचं भूतकाळातलं वागणं भविष्यातही तसंच राहील, हे गृहीतक आता टाकून द्यावं. त्यानंतरही जुन्या नोंदी जशाच्या तशा वापरल्या जात असतील, तर निदान तसं लिहावं. कोणत्या सालापासूनचा येवा धरला, वरच्या भागातला शेतीचा आणि पिण्याच्या पाण्याचा वाढता उपसा वजा केला की नाही, सर्वांत कोरडी रांग किती वर्षांची निघाली. हे तीन-चार परिच्छेदांत मावतं.

ब्राझीलचा उल्लेख पुन्हा करतो, कारण या विषयातला सगळ्यांत मोठा धडा तिथेच आहे. जगातलं उत्तम गणित ज्या देशात जन्मलं, त्याच देशात जून २००१ ते फेब्रुवारी २००२ या काळात वीज रेशनिंग करावं लागलं. वापर सुमारे २० टक्के कमी करायचा होता. तेव्हा देशाची जवळजवळ ९० टक्के वीज पाण्यातून येत होती. कमी पाऊस हे एकच कारण नव्हतं. नवी केंद्रं आणि पारेषण वाहिन्या वेळेवर उभ्या राहिल्या नव्हत्या, आणि त्या येणारच असं धरून आधीच्या वर्षांमध्ये साठा उतरत गेला. देशाच्या दक्षिण भागात पाणी होतं, पण तिथली वीज हव्या तितक्या प्रमाणात उत्तरेकडे आणता येत नव्हती. मॉडेलमध्ये जी केंद्रं वेळेवर सुरू होतात, ती प्रत्यक्षात उशिरा होतात. ही अनिश्चितता पावसाइतकीच खरी आहे, पण तिच्यासाठी संभाव्यता लिहिण्याची पद्धत मी फारशी पाहिलेली नाही. ती लिहायला हवी.

त्या देशानं पुढे काय केलं, तेही पाहण्यासारखं आहे. २०१३ पासून त्यांनी नियोजनाच्या गणितात जोखमीला उघड वजन दिलं: सरासरी खर्चासोबत सर्वांत महाग पडणाऱ्या निम्म्या शक्यतांची सरासरी, तिला २५ टक्के वजन. गणितात याला सीव्हीएआर म्हणतात आणि रॉकाफेलर व उर्यासेव यांच्या २००० च्या कामामुळे ते रेषीय मॉडेलमध्ये सहज बसतं. ते आकडे बरोबर होते का, यावर वाद झाले आणि ते पुढे बदललेही. मला मोलाचं वाटतं ते हे की वाद घालता आला, कारण आकडे कागदावर होते. तिथे मॉडेलच्या इनपुट फाइली दर महिन्याला सार्वजनिक होतात आणि कुणीही त्या घेऊन गणित पुन्हा चालवू शकतं. न्यूझीलंडमध्ये जलाशयांचे साठे आणि त्यांच्या शेजारी तुटवड्याच्या जोखमीचे वक्र नियमित प्रसिद्ध होतात. त्यांची गरजही मोठी आहे. त्यांच्या सगळ्या सरोवरांची साठवण मिळून सुमारे ४ टेरावॅट-तास (एक टेरावॅट-तास म्हणजे शंभर कोटी युनिटं), वर्षाच्या वापराच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. नॉर्वेची ८७ च्या आसपास, म्हणजे वर्षाच्या वापराच्या निम्म्याहून जास्त. एकाला काही आठवड्यांची फिकीर, दुसऱ्याला वर्षावर्षांची. एकाचं मॉडेल दुसऱ्यानं जसंच्या तसं उचललं तर फसेल, पण उघडेपणा दोघांनाही सारखाच लागू पडतो.

आणि भाव नसतो तेव्हा काय होतं, हे झांबेझी नदीवरच्या करिबा जलाशयानं दाखवलं. झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांचं हे सामाईक पाणी, जगातल्या सर्वांत मोठ्या मानवनिर्मित जलाशयांपैकी एक. नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस त्याचा उपयुक्त साठा ५ टक्क्यांच्या खाली गेला आणि झिंबाब्वेनं आपला वर्षाचा हिस्सा संपवल्यामुळे वीजनिर्मिती थांबवण्याची सूचना त्याला मिळाली. वर्षाचा हिस्सा हे बंधन डिसेंबर जवळ आल्यावरच टोचतं. चढत जाणारा भाव मार्च-एप्रिलपासून टोचला असता. दुष्काळ टळला नसता, हे उघड आहे. पण तो आठ महिने आधी आकड्यांत दिसला असता, आणि दोन्हीकडच्या लोकांना तयारीला वेळ मिळाला असता.

आपल्यापैकी काहींचं म्हणणं मला ठाऊक आहे: भाव जाहीर केला तर खासगी उत्पादक त्याचा फायदा उठवतील, लोक घाबरतील, वर्तमानपत्रं रोज प्रश्न विचारतील. पहिल्या हरकतीत तथ्य आहे. जिथे वीजबाजार आहे, तिथे एखाद्या उत्पादकाचा स्वतःचा भाव ही त्याची व्यापारी माहिती असते, आणि ती मी मागत नाही. मी बोलतो आहे ते मध्यवर्ती नियोजनाच्या भावाबद्दल, जो सार्वजनिक पैशानं निघतो आणि सार्वजनिक पाण्याबद्दल बोलतो. घबराटीचं म्हणाल, तर धरणाची टक्केवारी लोक आजही वाचतातच. ‘साठा ४२ टक्के’ हा आकडा त्यांना काहीच सांगत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर ४२ टक्के म्हणजे चैन, आणि पावसाळा संपल्यावर ४२ टक्के म्हणजे संकट. भावात ऋतूही असतो, येवाही असतो, औष्णिक केंद्रांची स्थितीही असते.

उघडेपणाचा फायदा सगळ्यात आधी आपल्यालाच आहे. आपण ५० राखले आणि पाऊस धो धो पडला, असं समजा. आज औष्णिक केंद्रांवर घातलेले १५० वाया गेलेले दिसतात. चौकशी बसते. पाणी सांडलं, तेव्हा आपण केंद्रं का चालवत होता? त्या वेळी आपल्या हातात काय असतं? पाऊस पडून गेल्यावर मागे वळून पाहणाऱ्याला कोरडा महिना दिसतच नाही, तो घडलेलाच नसतो. ज्यानं सगळं पाणी उपसलं आणि ज्याला पावसानं वाचवलं, त्याची मात्र पाठ थोपटली जाते. असं दोन-तीनदा झालं, की कोणताही शहाणा अधिकारी पाणी राखणं सोडून देतो. पण निर्णयाच्या दिवशीच भाव छापला असेल, ‘या पाण्याचा भाव ५, केंद्राचा खर्च ४, म्हणून पाणी राखलं’ असं चार ओळींत लिहिलेलं असेल, तर चौकशी त्या ओळींची होईल, पावसाची नाही. प्रामाणिक नियोजकाला याहून मोठं संरक्षण मला माहीत नाही.

साधनांची अडचण आता राहिलेली नाही. एसडीडीपीची खुली, मोफत आज्ञावली उपलब्ध आहे, कुणीही ती उतरवून घेऊन तिचा प्रत्येक भाग तपासू शकतं. संच सुरू-बंद करण्याचे निर्णय, टर्बाइनचे वर्ज्य टप्पे, शीर्षाचे चढउतार यांनी वक्राचा आकार बिघडतो आणि तिथे ही पद्धत अंदाजावरच चालते. त्यावर काम सुरू आहे. ती मर्यादाही जाहीर कागदात एका ओळीत लिहावी.

तेव्हा विनंती अशी. साप्ताहिक आराखड्यासोबत प्रत्येक मोठ्या जलाशयाचा भाव द्या. वर्षातून एकदा येव्याची मालिका, भारनियमनाचं धरलेलं नुकसान, वाईट शक्यतांना दिलेलं वजन आणि वर्षाअखेरच्या साठ्याला लावलेला भाव, हे चारही एका कागदावर मांडून त्यावर हरकती मागवा. आणि मॉडेल बांधताना जी वर्षं वापरलीच नव्हती, अशा वर्षांवर ते चालवून त्याचं काय झालं ते दाखवा. निकाल वाईट आला तरी दाखवा, कारण मॉडेल कुठे मोडतं हे त्याच निकालातून कळतं. बाहेरचे अभ्यासक, विद्यार्थी, निवृत्त अभियंते हे गणित पुन्हा करून पाहायला तयार आहेत. त्यांपैकी मी एक आहे.

हे सगळं एकदम जमणार नसेल, तर एका जलाशयापासून सुरुवात करा. पुढच्या आराखड्यात साठ्याच्या टक्केवारीशेजारी एक रकाना वाढवा आणि त्यात तो आकडा लिहा. तो चुकीचा निघाला तर आम्ही कळवू, आणि कसा चुकला तेही पडताळणीसह पाठवू.

आपला,
जलविद्युत नियोजनाचं गणित करणारा एक अभियंता